कॅनडाचं पीआर आणि परदेशातली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा आखातात, बायको-मुलं टोरांटोच्या आसपास, आई-वडील पुण्यात नाहीतर कोल्हापुरात. अशी विभागलेली मराठी कुटुंबं आता खूप आहेत आणि त्यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात: पीआर (परमनंट रेसिडन्स, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क; तो मिळालेल्या माणसालाही पीआरच म्हणतात) कुटुंबाचं नसतं, प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. अर्ज एकत्र केला, विमानातून एकत्र उतरलात, तरी कॅनडात राहिलेल्या दिवसांचा हिशेब प्रत्येकाचा स्वतंत्र. ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रकरण अधिकाऱ्यापर्यंत गेलं असेल तर परवानाधारक वकील किंवा सल्लागार गाठा.

१. पीआर टिकवायला नेमके किती दिवस कॅनडात राहावं लागतं?

पाच वर्षांत किमान ७३० दिवस. ही अट इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम २८ मध्ये आहे. दिवस सलग असावे लागत नाहीत. तीन महिने राहिलात, गेलात, पुन्हा चार महिने आलात, तरी सगळ्यांची बेरीज होते. दिवसाचा थोडा भाग कॅनडात गेला तरी तो पूर्ण दिवस धरतात. रात्री साडेअकराला टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरलात तरी तो दिवस तुमच्या खात्यात.

घर घेतलंय, बँकेत पैसे आहेत, दरवर्षी कर भरतो, या कशानंही एक दिवससुद्धा वाढत नाही.

२. ही पाच वर्षं कुठून मोजायची? पीआर कार्डावरच्या तारखेपासून का?

नाही. कार्डाच्या तारखांचा या हिशेबाशी संबंध नाही. पीआर होऊन पाच वर्षं झाली नसतील, तर पीआर झाल्याच्या दिवसापासून पुढची पाच वर्षं धरतात आणि उरलेल्या काळात ७३० पूर्ण होऊ शकतात का, एवढंच बघतात. पाच वर्षं उलटून गेली असतील, तर अधिकारी ज्या दिवशी तपासेल त्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतात. म्हणजे ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते.

या सरकण्यात लोक कसे अडकतात ते एका उदाहरणावरून बघा. एक बाई १५ ऑगस्ट २०२१ ला पीआर म्हणून उतरली आणि १४ ऑक्टोबर २०२२ पर्यंत राहिली. हे ४२६ दिवस झाले. मग ती नवऱ्याकडे कतारला गेली. १४ ऑगस्ट २०२६ ला तिची पाच वर्षं भरतात आणि तोवर अजून ३०४ दिवस हवेत, म्हणजे उशिरात उशिरा १५ ऑक्टोबर २०२५ ला तिनं परत यायला हवं. समजा, ती त्याच दिवशी आली आणि ७३० बरोबर भरले. सुटलो म्हणून लगेच पुन्हा कतारला गेली, तर? मागच्या टोकाचा एकेक दिवस रोज गळायला लागतो, नवा दिवस जमा होत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी ती अटीच्या खाली जाते. सुरुवातीचे ४२६ दिवस चौकटीबाहेर पडेपर्यंत तिला कॅनडातच राहावं लागेल. म्हणून काठावरचा हिशेब करू नका. हाताशी दोन-तीन महिने जास्तीचे असू द्या.

३. पीआर कार्डाची मुदत संपली. पीआर गेलं का?

नाही. कार्ड हा प्रवासाचा कागद आहे. कार्ड संपलं तरी तुम्ही पीआरच राहता, आणि उलट, कार्डावर दोन वर्षं शिल्लक असली तरी दिवस कमी असतील तर अट मोडलेली असू शकते.

पीआर आपोआप संपत नाही. तुम्ही नागरिक झालात, स्वतःहून पीआर सोडलंत, तुमच्याविरुद्धचा देश सोडण्याचा आदेश लागू झाला, किंवा कॅनडाबाहेरच्या अधिकाऱ्यानं अट मोडल्याचा दिलेला निर्णय अंतिम झाला, अशा ठरावीक कारणांनीच ते जातं. दहा वर्षं कॅनडाचं तोंड न पाहिलेला माणूससुद्धा असा निर्णय होईपर्यंत कागदावर पीआरच असतो.

नूतनीकरणाचा अर्ज कार्डाची मुदत नऊ महिन्यांपेक्षा कमी उरली की करता येतो. तो करताना कॅनडात असावं लागतं, आणि नवं कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवत नाहीत.

४. नवरा अबूधाबीत नोकरीला, मी आणि मुलं मिसिसागात. आम्ही इथे राहतो म्हणून त्याचं पीआर टिकतं ना?

टिकत नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि उत्तर दरवेळी मन मोडणारं आहे. तुमचे दिवस तुमचे, मुलांचे मुलांचे. तो दर सुट्टीत तीन आठवडे येत असेल तर वर्षातून दोनदा येऊनही पाच वर्षांत जेमतेम २१० दिवस भरतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. त्याचं पीआर गेलं म्हणून तुमचं किंवा मुलांचं जात नाही. तुमचं नागरिकत्वही अडत नाही. पुढे तो कायमचा यायचं म्हणाला, तर कॅनडात राहणारी पीआर किंवा नागरिक पत्नी म्हणून तुम्ही त्याला पुन्हा स्पॉन्सर करू शकता, म्हणजे जवळचा नातेवाईक म्हणून त्याच्या पीआरसाठी अर्ज करू शकता. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, पण वाट बंद होत नाही. घरातला एक जण इथे मुळं धरून असणं, हाच अशा कुटुंबांचा खरा आधार आहे. म्हणून दोघांनीही अर्धवट ये-जा करण्यापेक्षा एकानं तरी नीट राहावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

५. बायकोला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. आता आम्ही दोघं दुबईत राहिलो तर माझे दिवस धरतात का?

धरतात. कॅनडाच्या नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर परदेशात राहिलेले दिवस पीआरच्या अटीत मोजले जातात. जोडीदार तिथे काय काम करतो, कोणाकडे करतो, की काहीच करत नाही, याला महत्त्व नाही. लग्न झालेलं नसलं, पण किमान वर्षभर एकत्र संसार असला, तर तोही चालतो. बावीस वर्षांखालच्या अविवाहित मुलाचे किंवा मुलीचे, नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांबरोबर राहिलेले दिवसही धरतात.

मात्र चार ठिकाणी गाडी अडते.

दिवस जोडीदार नागरिक झाल्याच्या तारखेपासूनच धरतात. शपथ २०२४ च्या मार्चमध्ये झाली असेल तर त्याआधीचे दुबईतले दिवस शून्य. लग्न नंतर झालं असेल तर लग्नाची तारीखही बघतात.

नेहमीचं राहणं एकाच घरात असायला हवं. ती दुबईत आणि तुम्ही सांगलीत, असं असेल तर नुसता लग्नाचा दाखला कामाचा नाही.

पुरावा तुम्ही द्यायचा. दोघांच्या नावाचा भाडेकरार, दोघांचे तिथले राहण्याचे परवाने, एकत्र बँक खातं, मुलांच्या शाळेत दोघांची नावं, हे सगळं लागतं.

आणि कोण कोणाबरोबर गेलं हा वाद. कॅनडात दोघं राहत होते, मग एकत्र बाहेर गेले, अशा जोडप्याला सहसा अडचण येत नाही. पण जोडीदार आधीपासूनच परदेशात स्थायिक होता आणि पीआर असलेली व्यक्ती कॅनडात नावापुरती राहून त्याच्याकडे गेली, अशा प्रकरणांत अपील विभागात आणि फेडरल कोर्टात वाद झाले आहेत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. तुमचं प्रकरण असं असेल तर केवळ या सवलतीवर विसंबून राहू नका.

६. आमचा मुलगा कॅनडात जन्मला, तो नागरिक आहे. त्याला घेऊन ठाण्यात राहिलो तर आमचे दिवस भरतात का?

नाही. ही सवलत एकाच दिशेनं चालते. मूल आई-वडिलांबरोबर असेल तर मुलाला मिळते. आई-वडील मुलाबरोबर असतील तर त्यांना मिळत नाही. मुलाच्या निळ्या पासपोर्टमुळे त्याचा परतीचा हक्क कायम राहतो, तुमचा नाही. मुलाचं हित हा मुद्दा वेगळ्या जागी उपयोगी पडतो, तो प्रश्न १५ मध्ये आहे.

७. माझी कंपनी कॅनडाची आहे आणि तिनंच मला परदेशात पाठवलंय. हे दिवस चालतात का?

चालू शकतात, पण अटी लोक समजतात त्यापेक्षा कडक आहेत. कंपनी कॅनडाच्या किंवा तिथल्या प्रांताच्या कायद्याखाली नोंदलेली हवी आणि तिचं काम कॅनडात प्रत्यक्ष चालू हवं. तुम्ही तिचे कर्मचारी किंवा कंत्राटी हवेत. तिनं तुम्हाला पूर्णवेळ कामासाठी परदेशातल्या पदावर, संलग्न कंपनीत किंवा ग्राहकाकडे नेमलेलं हवं. नेमणूक ठरावीक मुदतीची आणि ती संपल्यावर त्याच कंपनीत कॅनडात परतायचं, हे कागदावर दिसायला हवं. कॅनडाच्या केंद्र किंवा प्रांत सरकारच्या नोकरीवर बाहेर असलेल्यांनाही हीच सवलत आहे.

हिंजवडीतल्या मंडळींचा गोंधळ इथे होतो. मोठ्या आयटी कंपनीची कॅनडात शाखा असते. टोरांटोच्या शाखेत पगारावर असलेल्या माणसाला त्या शाखेनं दीड वर्षासाठी पुण्याच्या प्रकल्पावर पाठवलं, तर दिवस धरण्यासारखे आहेत. पण त्यानं टोरांटोची नोकरी सोडून त्याच समूहाच्या भारतीय कंपनीत, भारतीय पगारावर, पुण्यात नोकरी धरली, तर नाव तेच असूनही दिवस जातात. कॅनडाच्या कंपनीनं दुबईत किंवा पुण्यातच स्थानिक म्हणून भरती केली असेल, तरी तेच.

कंपनीचं पत्र निघण्याआधीच घ्या. पद, मुदत, पगार कोण देतं आणि परतल्यावर कुठे रुजू व्हायचं, या चार गोष्टी त्यात असू द्या. दोन वर्षांनी एचआरमधली माणसं बदललेली असतात आणि मग असं पत्र मिळवणं अवघड होतं.

जोडीदार अशा नेमणुकीवर असेल आणि तोही पीआरच असेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या पती-पत्नीचे आणि मुलांचे दिवसही धरतात. पण त्यासाठी त्या जोडीदारानं स्वतःची अट पूर्ण केलेली असावी लागते. त्याची नेमणूक नियमात बसली नाही तर सगळ्यांचे दिवस एकदम जातात.

८. नोकरी कॅनडातलीच आहे, पण बॉसच्या परवानगीनं मी नागपुरातून लॅपटॉपवर काम करतो. हे प्रश्न ७ मध्ये बसतं का?

बसतं असं धरून चालू नका. तिथे कंपनीनं परदेशातल्या कामासाठी नेमणं अपेक्षित आहे. तुम्ही आपल्या सोयीनं नागपुरात बसलात आणि कंपनीनं हरकत घेतली नाही, ही नेमणूक होत नाही. पगार कॅनडाच्या खात्यात जमा होतो, यानंही फरक पडत नाही.

९. मेव्हण्यानं ब्रॅम्प्टनमध्ये कंपनी नोंदवून मला त्यात नोकरी दाखवली तर?

हे करू नका. बाहेर राहणाऱ्या माणसाची अट भरून दाखवण्यासाठीच मुख्यतः चालवलेली कंपनी नियमांनी स्पष्टपणे वगळली आहे. शिवाय खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर दिवस कमी असण्यापेक्षा ते कितीतरी जड जातं. दिवस कमी पडलेल्या माणसाला माफी मागता येते. खोटं बोललेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

१०. मी मर्चंट नेव्हीत आहे. बोटीवरचे महिने कसे धरतात?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडून हा प्रश्न नेहमी येतो. परदेशी कंपनीच्या बोटीवर कॅनडाबाहेर काढलेले महिने धरत नाहीत. कंपनी कॅनडाची असेल तर प्रश्न ७ च्या कसोट्या लावून बघा. सहा महिने बोट आणि सहा महिने घर असं चक्र असेल, तर ते घर कॅनडात ठेवा. पाच वर्षांत सुमारे ९०० दिवस सहज भरतात. सुट्टी गावाकडे घालवली की हिशेब कोसळतो.

११. विंडसरला राहतो, रोज डेट्रॉइटला कामाला जातो. नोकरी अमेरिकेतली आहे म्हणून काही अडचण?

नाही. रोज रात्री कॅनडात परतत असाल तर रोजचा दिवस धरला जातो. आठवडाभर तिकडेच राहून फक्त शनिवार-रविवारी येत असाल, तर जेवढ्या दिवसांचा काही भाग कॅनडात गेला तेवढेच धरा.

१२. आम्ही दोघं कॅनडात नोकरी करतो, मुलगी नाशिकला आजी-आजोबांकडे शाळेत आहे. तिचं पीआर?

तिचे दिवस तिच्या नावावर कमी होत आहेत. ती लहान आहे म्हणून अट माफ नसते. पण निर्णय तिनं घेतलेला नाही, हे अधिकाऱ्याला विचारात घ्यायला लावता येतं. तुमच्यापैकी एक जण नागरिक झाला तर अठरा वर्षांखालच्या मुलीच्या नागरिकत्वाचा विचार करता येतो, पण त्यासाठी तिचं पीआर तोवर शाबूत हवं. शाळेचं एखादं वर्ष वाया जाईल म्हणून तिला पुढे पुढे ठेवत राहू नका.

१३. बाळंतपणाला माहेरी यायचा विचार आहे. बाळाला पीआर आपोआप मिळतं का?

मिळत नाही. आई-वडील दोघंही पीआर असले, तरी भारतात जन्मलेलं बाळ कॅनडाच्या दृष्टीनं परदेशी नागरिक असतं. त्याला भारतीय पासपोर्ट, मग स्पॉन्सरशिप किंवा आधी व्हिसा, असं सगळं करावं लागतं. ते होईपर्यंत बाळाला घेऊन विमानात बसता येत नाही, आणि अंगावर पिणारं बाळ मागे ठेवून कोणती आई परत जाईल? अशा वेळी आईचे दिवस वाया जातात.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. पीआर असलेली व्यक्ती कॅनडाबाहेर राहत असताना कोणालाच स्पॉन्सर करू शकत नाही. ती सोय, परतायची तयारी दाखवणाऱ्या नागरिकांनाच आहे. म्हणून बाळाचे वडील तरी कॅनडात असले पाहिजेत. आईच्या हातचा डिंकाचा लाडू आणि रोजची तेलमालिश यांची ओढ मला कळते. पण शक्य असेल तर आईलाच तिकडे बोलवा.

१४. परत यायचंय, पण कार्ड संपलंय. मुंबईहून विमानात बसू देतील का?

बसू देणार नाहीत. विमान कंपनी चेक-इन काउंटरवरच चालू कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट (कार्ड नसताना परतण्यासाठीचा कागद) मागते, आणि जुनं कार्ड, ओहिप कार्ड (ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड) किंवा घराचे कागद दाखवून उपयोग होत नाही. ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज कॅनडाबाहेरून करायचा असतो, शुल्क ५० डॉलर आहे. हा अर्ज म्हणजे तुमच्या दिवसांची तपासणीच असते. दिवस पुरेसे असतील तर निर्धास्त अर्ज करा.

अमेरिकेचा व्हिसा असेल तर तिथे उतरून खाजगी गाडीनं कॅनडाच्या सीमेवर जाण्याचा मार्गही कायदेशीर आहे. पीआर असल्याचा पुरावा पटला की अधिकाऱ्याला प्रवेश द्यावाच लागतो. पण तिथेही दिवसांची चौकशी होऊ शकते.

कार्ड चालू आहे पण दिवस कमी आहेत, अशांनाही उतरल्यावर चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं. अधिकारी विचारतो: शेवटचं कधी गेलात, किती दिवस बाहेर होतात, कशासाठी? खरं तेच सांगा. एकदा अट मोडल्याचा अहवाल लिहिला गेला की त्यानंतरचे कॅनडातले दिवस मोजणं थांबतं, जोवर निकाल तुमच्या बाजूनं लागत नाही. अहवाल न लिहिता आत सोडलं, तर मात्र मुकाट्यानं राहा, ७३० भरेपर्यंत बाहेर जाऊ नका आणि तोवर कार्डाचा अर्जही करू नका. यात काहीही गैर नाही.

१५. वडिलांच्या आजारपणात साताऱ्याला अडकले, दिवस कमी पडले. कोणी ऐकून घेतं का?

घेतात. कायद्यातच तशी तरतूद आहे. माणुसकीच्या आणि सहानुभूतीच्या कारणांवरून पीआर राखता येतं आणि त्यात निर्णयाचा ज्या मुलावर परिणाम होणार, त्याचं हितही बघावं लागतं. ट्रॅव्हल डॉक्युमेंटच्या अर्जात, कॅनडातल्या चौकशीत, अपिलात, तिन्ही ठिकाणी हे मुद्दे मांडता येतात.

अधिकारी काय बघतो? किती दिवस कमी आहेत, का गेलात, का थांबलात, मोकळं झाल्यावर लगेच परतलात का, कॅनडात तुमचं कोण आणि काय आहे, पीआर गेलं तर कोणाला किती झळ बसेल. यातला परतण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त तोलला जातो. वडील वारले मार्चमध्ये आणि तुम्ही आलात पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर, तर मधल्या काळाचं कारण द्यावं लागणार. "चांगली नोकरी मिळाली म्हणून थांबलो" हे कारण एकट्यानं तरत नाही.

नुसतं "वडील आजारी होते" लिहून भागत नाही. डिस्चार्ज कार्ड, डायलिसिसच्या तारखा, डॉक्टरांचं पत्र, घरात दुसरं बघणारं कोणी का नव्हतं, ते सगळं जोडा. बहीण पुण्यात असेल तर अधिकारी विचारणारच की ती का नाही बघू शकली. तिचं पत्र घ्या. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. मुलांबद्दल लिहिताना त्यांची शाळा, भाषा, औषधोपचार असं नेमकं लिहा.

१६. अर्ज नाकारला. आता?

अपील इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जातं. कॅनडाबाहेर निर्णय झाला असेल तर लेखी निर्णय मिळाल्यापासून ६० दिवसांत, कॅनडात देश सोडण्याचा आदेश मिळाला असेल तर ३० दिवसांत. अपील चालू असेपर्यंत तुम्ही पीआरच असता. मागच्या ३६५ दिवसांत एकदा तरी कॅनडात राहिला असाल, तर अपिलासाठी परतायला ट्रॅव्हल डॉक्युमेंट मिळू शकतं. अपिलात नवे पुरावे देता येतात. मुदत चुकवू नका. नाकारल्याचं पत्र आल्यावर महिनाभर सुन्न बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. ते साहजिक आहे, पण तेवढ्यात अर्धी मुदत संपते.

१७. कोणते कागद जपून ठेवायचे?

सगळे जुने पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा. बोर्डिंग पास, तिकिटं, भाडेकरार, वीजबिलं, पगाराच्या चिठ्ठ्या, डॉक्टरच्या भेटी. प्रत्येक प्रवासाची जाण्या-येण्याची तारीख एका तक्त्यात, घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या पानावर, त्याच दिवशी लिहा. पाच वर्षांनी आठवत नाही. कॅनडाहून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, पण २०२० पासून विमानानं बाहेर पडणाऱ्यांची नोंद सीमा खात्याकडे जाते. म्हणून तुमच्या तारखा आणि त्यांच्या तारखा जुळायला हव्यात. स्वतःची प्रवासनोंद माहितीच्या अर्जानं मागवता येते. कार्डाचा अर्ज भरण्याआधी ती मागवून ताडून बघा.

१८. आखातात पगारावर कर नाही. मग कॅनडातही भरायचा नाही ना?

असं गृहीत धरू नका. कर आणि पीआर हे दोन वेगळे हिशेब आहेत. बायको-मुलं आणि घर कॅनडात असेल, तर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी नवऱ्यालाही करासाठी रहिवासी मानू शकते, आणि रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न करपात्र असतं. कॅनडा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेत असाल, तर बाहेर असलेल्या जोडीदाराचं उत्पन्नही कळवावं लागतं. ते लपवलं तर पुढे व्याजासकट परत करावं लागतं. अशा मांडणीत पहिल्याच वर्षी चांगल्या सीपीएला (तिथल्या सनदी लेखापालाला) भेटा.

ओहिपची अट आणखी वेगळी आहे. ऑन्टारिओत दर बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं. पीआरचे दिवस भरले तरी हेल्थ कार्ड जाऊ शकतं.

१९. दुबईत नागरिक बायकोबरोबर काढलेले दिवस माझ्या नागरिकत्वालाही चालतात का?

नाही. नागरिकत्वाला पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहावं लागतं. प्रश्न ५ आणि ७ मधल्या सवलती तिथे लागू नाहीत. अपवाद आहे तो कॅनडाच्या सैन्यात किंवा केंद्र वा प्रांत सरकारच्या नोकरीवर बाहेर पाठवलेल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा. पीआर होण्याआधी कॅनडात विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर काढलेले दिवस अर्धे धरतात, जास्तीत जास्त ३६५.

बाहेरची नोकरी पक्की असेल, तर पीआर कसंबसं टिकवत राहण्यापेक्षा आधी सलग राहून नागरिकत्व घ्या आणि मग जा, असा माझा आग्रह असतो. नागरिकाला दिवस मोजावे लागत नाहीत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग हवं तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) घेता येतं. आई-वडिलांची शेतजमीन असेल तर हे ठरवण्याआधी घरी बोला, कारण ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मिळू शकते.

२०. आई-बाबांना पीआर मिळालं, पण त्यांचं मन तिकडे रमत नाही. काय करावं?

त्यांनाही तेच ७३० दिवस. तुम्ही नागरिक आहात आणि ते तुमच्याबरोबर दुबईत राहतात, याचा उपयोग नाही (प्रश्न ६). वर्षातले पाच महिने येणार असतील तर बेरीज जमते. तेवढंही जमणार नसेल तर सुपर व्हिसा (आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा भेटीचा व्हिसा) त्यांच्यासाठी जास्त बरा. तो दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो आणि एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र आरोग्य विमा लागतो.

पण पीआर असलेल्या माणसाला व्हिसा मिळत नाही. म्हणून आधी पीआर रीतसर सोडावं लागतं. त्याचा अर्ज विनाशुल्क आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि तो मंजूर झाल्यावर माघार नाही. आई आणि बाबा या दोघांचे अर्ज वेगळे. एकाला राहायचं असेल तर दुसऱ्याच्या अर्जावर घाईनं सही घेऊ नका.